नारळाचं दूध आणि क्लारा

क्लारा माझ्या आत्याच्या हातांकडे बघत होती. तोंडाकडे नाही, हातांकडे.

हॉटेलच्या आत शिरल्याशिरल्या डाव्या बाजूला हात धुवायचं कुंड होतं. त्यावर दोन कानांचं पितळी भांडं साखळीनं बांधलेलं. भाकरी मोडण्याआधी त्या भांड्यानं दोन्ही हातांवर पाणी घ्यायचं, प्रार्थना म्हणायची आणि मग घास तोंडात जाईपर्यंत बोलायचं नाही, हा आम्हा ज्यू लोकांचा रिवाज. आत्यानं उजव्या हातावर पाणी घेतलं, डाव्या हातावर घेतलं, ओठातल्या ओठात प्रार्थना म्हटली आणि पदराला हात पुसले. क्लारानं मान किंचित हलवली. पहिल्या पेपरात पास, असा तिचा चेहरा झाला.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. गाव बीरशेबा, इस्रायलच्या दक्षिणेला, वाळवंटाच्या कडेला. साल एकोणीसशे बहात्तर. आम्ही मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे, म्हणून आडनाव नवगावकर. मी सात-आठ वर्षांची असताना आई गेली. तेव्हापासून बाबांच्या थोरल्या बहिणीनं, जेरुशा आत्यानं, मला वाढवलं. तिचा नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. बोटीनं इकडे आलो तेव्हा तिच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पाटा-वरवंटा, खवणी, कोकम, असला ऐवज जास्त होता.

मी ज्या इस्पितळात काम करत होते, अव्नेर तिथंच होता, एक्स-रे खात्यात. वर्षभर आम्ही एकमेकांना पाहत होतो. लग्न करायचं हे दोघांनाही कळून चुकलं होतं. राहिली होती त्याची आई.

क्लारा रुमानियाहून आलेली. दुसऱ्या महायुद्धात तिचं सगळं घर संपलं. ती आणि पोटाशी धरलेला अव्नेर, एवढे दोघेच इथं पोचले. पोरासाठी तिनं शिवणकाम केलं, दुसऱ्यांच्या घरी कामं केली. अशा बाईनं एकुलत्या एका मुलाच्या बाबतीत काटेकोर असणं मला समजत होतं. पण तिच्या खालच्या मजल्यावरच्या शेजारणीनं तिच्या कानात एक गोष्ट घालून ठेवली होती. हिंदुस्थानातून आलेले ज्यू मटणाच्या रश्शात दूध ओततात, मी डोळ्यांनी पांढरा रस्सा पाहिलाय, असं ती म्हणाली होती.

आता मांस आणि दूध एका जेवणात आणायचं नाही, ही आमच्या धर्मातली अगदी पहिली पायरी. भांडीसुद्धा वेगळी असतात. त्यामुळं हा आरोप म्हणजे आम्ही ज्यूच नाही असं म्हणण्यासारखा होता. पांढरा रस्सा खराच होता, पण तो नारळाच्या दुधाचा. दूध निषिद्ध म्हणून तर आमच्या आज्या-पणज्यांनी कोकणात नारळ धरला. हे अव्नेरनं आईला चारदा सांगितलं. तिनं नारळ आयुष्यात पाहिला नव्हता. झाडाला दूध येतं ही तिला थापच वाटली.

बाबांनी रीतीप्रमाणं तिला घरी जेवायला बोलावलं. निरोप आला की घरी नको, जुन्या बाजाराजवळच्या कोशर, म्हणजे धर्माचे नियम पाळणाऱ्या, हॉटेलात भेटू, तिथं निदान स्वयंपाकाची खात्री असते. म्हणजे तुमच्या घरात नसते.

बाबा कापडगिरणीत फिटर होते. शांत माणूस. निरोप ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "अक्का, ज्या घराला आपलं ताट चालत नाही, त्या घरात पोर द्यायची नाही. मी हॉटेलात येईन, रीत म्हणून. पण तिथं तिनं तोंडावर हा विषय काढला, तर मी उठेन."

आणि बाबा उठले असते. शांत माणसं एकदा उठली की परत बसत नाहीत. मी आत्याकडं पाहिलं. मला वाटलं होतं ती भडकेल. ती तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, "हॉटेलात तर हॉटेलात. आयतं मिळतंय ते खाऊ."

तर तो मंगळवार. मंगळवार आम्हाला शुभ. आत्या सकाळी बाजारात जाते म्हणून गेली ती अकराला रिकाम्या हातांनी परत आली. बाजारात काही चांगलं नव्हतं म्हणाली. मग तिनं तिचं किरमिजी रंगाचं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि आम्ही निघालो.

टेबलाशी आम्ही पाच जण होतो. एका बाजूला क्लारा आणि अव्नेर, समोर बाबा, आत्या आणि मी. भिंतीवर धर्मखात्याचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं. हे मांसाहारी हॉटेल, म्हणून दूध, लोणी, चीज यांना तिथं थाराच नव्हता. कॉफीसुद्धा काळीच मिळे. आणि स्वयंपाकघराच्या दारात एक म्हातारा स्टुलावर बसला होता, काळी टोपी, पांढरी दाढी, डोळे मिचमिचे. प्रत्येक कोशर हॉटेलात असा एक माणूस असतो, त्याला माश्गियाह म्हणतात. तो शिजवत नाही, वाढत नाही. तो फक्त पाहतो. अंड्यात रक्ताचा ठिपका नाही ना, पालेभाजीत किडा नाही ना, मांस नीट मीठ लावून धुतलंय ना. त्याचा शब्द मालकापेक्षा वर. या म्हाताऱ्याचं नाव मस्सूद, मोरोक्कोचा, हे वेटरच्या हाकांवरून कळलं.

आत्याला हिब्रू बेताचंच येई. क्लाराचं हिब्रू बरं, पण रुमानियन हेलाचं. त्यामुळं दोघींच्या मध्ये मी. क्लारानं विचारलं, तुमच्या गावाकडं रब्बी नव्हते म्हणतात, मग धर्माचे नियम तुम्हाला शिकवले कोणी.

आत्या मला मराठीत म्हणाली, "हिला सांग, आम्ही तेलाचा घाणा चालवायचो तो शनिवारी बंद ठेवायचो, सगळा मुलूख आम्हाला शनिवार तेली म्हणायचा. हिच्या पणजीला शनिवार कुठल्या वारी येतो हे ठाऊक नव्हतं तेव्हापासून."

मी हिब्रूत म्हटलं, "आत्या म्हणते, परंपरा फार जुनी आहे."

क्लारा म्हणाली, "पण त्या बरंच लांब बोलल्या."

"मराठी जरा लांबटच भाषा आहे," मी म्हटलं. बाबा पाण्याच्या पेल्यात बघत बसले. अव्नेरनं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला, धीर द्यायला. तो नेमका बाबांचा पाय होता. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तो लालबुंद झाला.

असं बरंच चाललं. मासे कुठले खाता? खवले आणि पर असलेलेच. कोळंबी? नाही. क्लारा एकेक प्रश्न शिवणकामाच्या टाचणीसारखा लावत होती आणि आत्या एकेक टाचणी काढून ठेवत होती. मुख्य प्रश्न मात्र तिनं अजून विचारला नव्हता. तो तिच्या ओठांवर येऊन थांबलेला मला दिसत होता. बाबांनाही दिसत असावा, कारण त्यांनी खुर्ची टेबलापासून वीतभर मागं सरकवून ठेवली होती.

तेवढ्यात आत्या उठली. हात चिकट झाले म्हणाली, पिशवी खांद्याला लावली आणि मागं गेली. पाच-सात मिनिटांनी आली. तोवर वेटरनं सूप आणून ठेवलं होतं, बकऱ्याच्या मटणाचं, छोले घातलेलं, वर तेलाचे तवंग. आत्या बसली. तिनं पिशवीतून एक काचेची बाटली काढली. आत पांढरं दूध. बूच उघडलं आणि कोणाला काही कळायच्या आत सूपमध्ये भडाभडा ओतलं.

मांसाहारी कोशर हॉटेलात, भर दुपारी, मटणाच्या सूपमध्ये.

क्लारा खुर्ची मागं लोटून उभी राहिली. शेजारच्या टेबलावरच्या चौघांचं जेवण थांबलं. एका बाईनं आपल्या मुलाचे डोळे झाकले, जणू कोणी लुगडं सोडलं होतं. माझ्या मनात एकच विचार आला, की लग्न मोडलं, आणि मोडलं ते माझ्याच माणसानं. बाबा पुटपुटले, "अक्का, हे काय केलंस?" आत्या चमच्यानं सूप ढवळत होती.

"पाहिलंस?" क्लारा अव्नेरला म्हणाली. आवाज मोठा नव्हता. त्यात आनंद नव्हता हे मला तेव्हाही जाणवलं. "मी सांगत होते की नाही."

मस्सूद स्टुलावरून उठला. तो माणूस इतका भराभर चालू शकेल असं वाटलं नव्हतं. त्यानं वेटरला बाजूला सारलं, टेबलाशी येऊन वाडगा उचलला आणि गर्जला, "बाई, माझ्या हॉटेलात? तीस वर्षं मी हे काम करतोय, असा अधर्म पाहिला नाही. ही भांडी आता फोडून टाकावी लागतील."

आत्यानं पिशवीत परत हात घातला. नारळाची अर्धी वाटी काढली, करवंटीसकट, पांढरीशुभ्र, ताजी फोडलेली. ती तिनं सूपच्या वाडग्याच्या जागी, अगदी मधोमध ठेवली आणि तिच्या मोडक्या हिब्रूत, एकेक शब्द मोजून म्हणाली, "दूध गाईचं नाही. झाडाचं. म्हणून झाड शेजारी ठेवलं."

मस्सूद थबकला. वाडगा खाली ठेवला. बाटली उचलून नाकाशी नेली, मग तळहातावर दोन थेंब घेऊन जिभेला लावले. त्याचा चेहरा हळूहळू पालटला. मग तो वळला आणि साऱ्या हॉटेलला उद्देशून बोलायला लागला, देवळात प्रवचन देतात तसा. म्हणाला, आपल्या शास्त्रात लिहिलंय की मांसाबरोबर बदामाचं दूध घ्यायचं असेल तर ताटाशेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात किंतू येत नाही. इथं बसलेल्यांपैकी किती जणांना हा नियम माहीत होता? कोणी हात वर केला नाही. "या बाईंना माहीत होता," तो म्हणाला. "या समुद्रापलीकडून आल्या, आणि नारळाची वाटी बरोबर घेऊन आल्या."

मग तो क्लाराकडं वळला आणि एकदम नरम आवाजात म्हणाला, "तुम्ही चाखून पाहा. साक्षीदार म्हणून."

क्लारा उभीच होती. तिनं चमचा घेतला. बाटलीतलं दूध चमच्यात ओतून चाखलं. आणखी एक चमचा घेतला. मग खुर्ची पुढं ओढून बसली आणि स्वतःचा सूपचा वाडगा आत्यापुढं सरकवला.

आत्यानं त्यात दूध ओतलं. क्लारानं सूप संपवलं, पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसून काढला, आणि मग बाबांकडं बघून म्हणाली, "शुक्रवारी मी तुमच्याकडे जेवायला येईन. बोलावणं अजून असेल तर."

बाबांनी खुर्ची पुढं घेतली. "आहे," म्हणाले.

चार महिन्यांनी आमचं लग्न झालं. मस्सूद आला होता. मेंदीच्या दिवशी तो आत्याशेजारी बसून मालिद्याचे, म्हणजे आमच्या प्रसादाचे, गोड पोहे तीनदा मागून घेत होता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

लग्नानंतर आठवड्यानं मी माहेरी गेले तेव्हा आत्यानं मला आत बोलावून दार लोटलं आणि सांगून टाकलं. क्लाराचा निरोप आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती त्या हॉटेलात गेली होती, नुसतं बघायला. मागच्या अंगणात मस्सूद कोथिंबीर निवडत होता, एकेक पान उजेडाला धरून. आत्याला राहवलं नाही. तिनं जवळ बसून अर्धी जुडी निवडून दिली. त्यानं पाहिलं की तिला किडा त्याच्याआधी दिसतो. मग बोलणं झालं, निम्मं हिब्रूत, निम्मं हातवाऱ्यांनी. तिनं पांढऱ्या रश्शाची कथा सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, आम्ही मोरोक्कोहून आलो तेव्हा आमच्याबद्दलही असंच बोलायचे, की यांना काटा-चमचा माहीत नाही, हे गुहेत राहतात. आणि मग त्यानंच तिला बदामाचा नियम सांगितला. आत्याला तो आयुष्यात ठाऊक नव्हता.

"मग ते ओरडणं?" मी विचारलं.

"ते त्याचं स्वतःचं. मी सांगितलं होतं जरा रागाव, तो तर भांडी फोडायला निघाला."

मी आत्याला म्हटलं की तू फसवलंस सगळ्यांना. ती म्हणाली, "दूध नारळाचं होतं की नव्हतं? आम्ही कसं जेवतो ते खरं होतं की नव्हतं? मग फसवलं कुठं? खरं तेच सांगितलं, फक्त मोठ्यानं." मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "क्लाराला मात्र कळू देऊ नकोस. भोळी आहे बिचारी. मनाला लावून घेईल."

मस्सूद नंतर दर गुरुवारी आत्याकडे जेवायला येऊ लागला. बाबा त्या दिवशी मुद्दाम गिरणीत थांबत. आम्ही कोणी त्या गोष्टीला नाव दिलं नाही.

मी मात्र एकोणीस वर्षं धाकात काढली. सासूला नावानं हाक मारायची इथली पद्धत मला जमायला दोन वर्षं लागली, पण हे गुपित काही पचलं नाही. हॉटेलांचा विषय निघाला की मी पदार्थांवर न्यायची, पदार्थांचा निघाला की हवेवर. क्लारा वाईट सासू नव्हती. माझ्या दोन्ही बाळंतपणांत तिनं माझं सगळं केलं. त्यामुळं तर जास्तच टोचायचं.

एका दुपारी आम्ही दोघी तिच्या गच्चीत वांगी भाजत होतो. तिला सत्तरावं लागलं होतं. काही कारण नसताना ती म्हणाली, "त्या हॉटेलातला तो मोरोक्कन म्हातारा. नाटक बरं करायचा, नाही का?"

माझ्या हातातलं वांगं कोळशावर पडलं.

"कोशर हॉटेलात बाहेरचं काही आणू देतात का?" ती म्हणाली. "पाण्याचा पेला घेऊन शिरलीस तरी दारात अडवतील. तुझी आत्या पिशवीतून बाटली काढते, आणि देखरेख करणारा माणूस ती फेकून द्यायचं सोडून चाखतो. तेव्हा एक तर तो देखरेख करणारा नव्हता, नाही तर बाटली बाहेरची नव्हती. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्याच्या डोळ्यांदेखत भरलेली होती. बरोबर ना?"

बरोबर होतं. त्या सकाळी आत्या रिकाम्या हातानं परतली होती ती म्हणूनच. नारळ तिथंच फोडला होता, तिथंच वाटून पिळला होता.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी विचारलं.

"त्यानं बाटली नाकाशी नेली तेव्हाच."

"मग तेव्हाच का बोलला नाहीत?"

तिनं चिमट्यानं माझं पडलेलं वांगं उचललं, राख झटकली. मग सांगितलं. आदल्या दिवशी अव्नेर तिच्याशी पहिल्यांदा आवाज चढवून बोलला होता. तू ये नाही तर येऊ नकोस, लग्न मी करणारच, म्हणाला होता. ती रात्रभर तळमळत होती. "मला एवढंच कळत होतं, की माझ्याजवळ एकच माणूस उरलाय आणि तो मी माझ्या हट्टानं घालवत बसलेय. पण मी साऱ्या इमारतीला सांगून बसले होते, की हे लोक मटणात दूध घालतात. आता शब्द मागं घ्यायचा कसा? त्यासाठी कोणीतरी मला चारचौघांत हरवायला हवं होतं. तुझ्या आत्यानं हरवलं. इतकं छान हरवलं की घरी येऊन मी शेजारणीला स्वतः सांगितलं."

मी दुसरं वांगं कोळशावर ठेवलं.

"आत्याला सांगू नकोस हं, मला कळलंय म्हणून," क्लारा म्हणाली. "भोळी आहे बिचारी. तिला वाटतं तिनं मला गंडवलं. वाटू दे."

मी नाही सांगितलं. आत्या गेली ती क्लाराला भोळी समजून, आणि तिच्या सात दिवसांच्या सुतकात क्लारा रोज येऊन जमिनीवर बसली आणि सगळ्यांना सांगत राहिली, की किती साधी बाई होती. तीन वर्षांनी क्लाराही गेली. मस्सूद त्या दोघींच्या आधीच गेला होता.

राहिला अव्नेर. आता तो ऐंशीला आलाय. त्याला अजूनही ठाम वाटतं की आदल्या दिवशी तो आईवर आवाज चढवून बोलला, म्हणून हे लग्न जमलं. पाहुणे आले की ही गोष्ट तो रंगवून सांगतो आणि मी मान डोलावते. म्हणून तर हे सगळं मी मराठीत लिहिलंय. त्याला ते वाचता येत नाही.